दिवस भरत नाहीत

सार्जंट अव्हेन्यूवर, बेकरी आणि पैसे पाठवायच्या दुकानाच्या मधोमध
कोस्त्युक बाईंचं ऑफिस.
विनिपेगचा जानेवारी, बाहेर उणे एकतीस.
वकील त्या. मी नुसते दिवस मोजतो.

नागरिकत्वाला एक हजार पंच्याण्णव लागतात,
मागल्या पाच वर्षांतले,
या जमिनीवर सदेह काढलेले.
मन कुठे होतं ते कुणी विचारत नाही,
तसा रकानाच नाही.

मिलाग्रोस दुमलाव बिस्किटांच्या डब्यातून कागद काढते.
डब्याला अजून लोण्याचा वास.
पासपोर्ट, पगाराच्या चिठ्ठ्या, विमानाच्या तिकिटांचे तुकडे,
आणि मधेच एक मेणबत्तीचं टोक, जे ती पटकन परत आत टाकते.

मी सांगतो, वर्क परमिटवरचे दिवस अर्धे धरतात.
हे सांगताना मी नेहमी स्क्रीनकडे बघतो.
"अर्धे म्हणजे? सकाळचे की रात्रीचे?"
थट्टा नव्हती ती. तिला खरंच हवं होतं.

थॉर्वाल्डसन म्हाताऱ्यांच्या घरी, तळघरातल्या खोलीत
ती जवळजवळ तीन वर्षं राहिली.
रात्री दोनला घंटी. चारला पुन्हा.
म्हातारा रोज विचारायचा, आज वार कोणता?
आणि ती त्याला अख्खा वार सांगायची,
मंगळवार तर मंगळवार,
अर्धा कधी सांगितला नाही.

वर अर्ध्यांनाही मर्यादा आहे:
तीनशे पासष्टच्या पुढचे सगळे वाया.
तेही सांगतो. ती मान हलवते,
दुकानदाराने वजनात मारलं हे कळूनही
पिशवी उचलणाऱ्या माणसासारखी.

मग प्रवास. मागच्या जूनमध्ये मनिला.
"तेवीस दिवस," ती म्हणते.
शिक्का म्हणतो बत्तीस.
मी पान तिच्याकडे फिरवतो. ती चष्मा काढते,
पुसते, घालते, वाचत मात्र नाही.
"रजा तेवीसचीच होती.
आई बाविसाव्या दिवशी गेली.
आमच्याकडे नऊ रात्री प्रार्थना असते.
शेजारी येतात, भात शिजतो,
कुणीतरी पत्ते खेळतं, मेलेल्याला एकटं वाटू नये म्हणून.
मी तिसऱ्या रात्री निघाले असते
तर बाकीच्या सहा रात्री दार कुणी उघडलं असतं?"

कारणाचा रकाना छोटा आहे.
मी 'कौटुंबिक' लिहितो.

बेरीज येते एक हजार शहाऐंशी.
पुन्हा करतो. जायचा दिवस धरतात, यायचाही धरतात,
तेवढीच दया आहे या हिशेबात,
ती मी दोन्हीकडून लावून पाहतो.
शहाऐंशीच.

नऊ कमी.
तिनेही मनात तेच केलं असावं,
कारण ती काही बोलली नाही,
फक्त डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

कोस्त्युक बाई आतून येतात, कॉफी हातात,
म्हणतात, काही बिघडत नाही, नऊ दिवस थांबा,
किंबहुना पंधरा, चार-सहा गाठीला असलेले बरे.
कुठे जाऊ नका. सीमेपलीकडे खरेदीलासुद्धा नाही.
"मग करायचं काय?"
काहीच नाही. नुसतं इथं असायचं.

"नुसतं," ती म्हणते.
हा शब्द तिने या देशात पहिल्यांदाच ऐकला असावा.

भिंतीवर बेकरीचं कॅलेंडर आहे.
ती पेन मागते आणि पुढच्या नऊ चौकोनांत
टिंबं देत जाते,
एकेका टिंबापाशी ओठ हलतात.
मी प्रिंटरमध्ये कागद भरत राहतो, तो भरलेलाच असतो.

गेल्यावर दिसतं, हातमोजे टेबलावर राहिले.
मी तसाच, कोटाशिवाय, बसथांब्यापर्यंत धावतो.
ती बसच्या काचेतून हात दाखवते, उघडे दोन्ही,
राहू देत, म्हणते बहुतेक,
मी येणारच आहे.